भंगा, भांग व गांजा : शेतीवरून अर्थनिर्णय

जुन्या वैद्यक पोथ्यांच्या याद्या करतांना भंगा, विजया, मातुलानी यांपैकीं कोणताहि शब्द आला कीं त्यापुढें ‘गांजा’ असा अर्थ लिहून मोकळें होण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं दिसते. कोशांत हे शब्द पर्याय म्हणून दिले असल्यामुळें तसें करणें सोयीचें आहे खरें. पण त्यायोगें पोथींतील कृतीविषयीं व कांहीं वेळां तिच्या कालाविषयींहि अनुमान चुकतें. आमचें म्हणणें असें कीं, या शब्दांचा निर्णय केवळ कोशावरून न करतां शेतावरून केला पाहिजे. गांजा कसा पिकवीत हें समजलें, म्हणजे तो शब्द कोठें लागतो व कोठें लागत नाहीं, हें उलगडतें.

प्रथम संस्कृत आधार पाहूं. अथर्ववेदांत (११.६.१५) सोमप्रमुख वनस्पतींच्या गणनेंत भंग आला आहे, त्याचा उपयोग मात्र तेथें सांगितलेला नाहीं. पाणिनीनें (५.२.४) तीळ, माष, उमा म्हणजे जवस, भंगा व अणु यांच्या शेतांचीं नांवें साधण्याचा नियम दिला आहे, त्यावरून भंगेच्या शेतास भङ्ग्य किंवा भाङ्गीन म्हणावयाचें. अमरसिंहानें मातुलानी व भंगा हे शब्द वैश्यवर्गांत, धान्यांच्या ओळींत घातले आहेत. म्हणजे तीळ-जवसासारखें हें एक शेतांतलें पीक होतें. मादक पदार्थ म्हणून त्याची ओळख या दोन ठिकाणांवरून निघत नाहीं. ती शार्ङ्गधरसंहितेंत स्पष्ट होते. पचनापूर्वींच जें सर्व शरीर व्यापतें त्या ‘व्यवायि’ द्रव्याचें उदाहरण म्हणून तेथें भंगा व अफू हीं शेजारीं ठेविलीं आहेत. पुढें सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत भंगेच्या पर्यायांत ‘गञ्जा’ हा शब्द आढळतो. त्याच ग्रंथांत हरीतकीच्या सात जातींपैकीं एकीचें नांवहि विजयाच आहे. तेव्हां ‘विजया’ दिसतांच भांग समजणें हेंहि धोक्याचें.

याच शतकांतला एक परकी साक्षीदार आपल्या किनाऱ्यावरचा आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत ‘बांग’वर एक स्वतंत्र संवाद आहे. बांग ही युरोपांतील दोराच्या झाडासारखी दिसते, पण तें झाड नव्हे, असें त्याचें मत होतें. तो जो पदार्थ वर्णितो तो कुटलेल्या पानांचा व कधीं बियांचा. म्हणजे ती आपली भांग होय. गांजाचें तें वर्णन नव्हे.

भेद कोठें आहे तें आतां सांगतों. या वनस्पतींत नर व मादी हीं झाडें सामान्यतः निरनिराळीं असतात. नराचा पराग वाऱ्यानें उडून मादीस लागला कीं तिचें सारें बळ बियांकडे जातें. पराग न लागल्यास मादीचे तुरे वाढत राहून त्यांवर राळेसारखा चिकट रस दाटतो. हे निर्बीज तुरे म्हणजेच उत्तम गांजा. भांगेच्या पानांसाठीं नर काढण्याची गरज नसते; गांजासाठीं तें अवश्य आहे. तेव्हां भांग रानांतल्या झाडापासूनहि होते. गांजा मनुष्याला शेतांत घडवावा लागतो.

ही कृति पूर्णतेस गेली ती बंगालच्या दमट प्रदेशांत, राजशाही भागांतील नौगांव येथें. हेमचंद्र केर यांचा १८७७ चा अहवाल, डेव्हिड प्रेन यांचा १८९३ चा अहवाल, आणि १८९३ मध्यें नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशनचे, १,१९३ साक्षी घेऊन १८९४ मध्यें पुरे झालेले खंड, हीं त्याचीं मुख्य साधनें. तेथील अडचण हवेची होती. चिकट, दाट तुरा पावसांत सांपडला कीं त्यास बुरशी येते. तेथील शेतकऱ्यांनीं हवेशीं झगडा न करतां वेळ साधली. उंचवट्याच्या भुसभुशीत जमिनींत ऑगस्टमध्यें रोपें टाकीत. सप्टेंबरांत तीं वरंब्यांवर लावीत, म्हणजे मुळाशीं पाणी सांचत नसे. आणि पाऊस सरल्यावर सौम्य, कोरड्या थंडींत तुरे धरून फेब्रुवारी-मार्चांत पीक निघे. खतास शेण व पेंड असे, आणि हिंवाळ्यांत पाणीहि द्यावें लागे.

नोव्हेंबरांत ‘पोद्दार’ नांवाचा परीक्षक शेतांत येई. फूल उमलण्यापूर्वीं, कळीच्या आरंभावरूनच तो नर ओळखी व तें झाड उपटलें जाई. एक नर राहिला तर शेजाऱ्याच्याहि पिकाची हानि होई. काढलेलें पीक पायांनीं तुडवून ‘चपटा’, पायाखालीं वळून ‘गोल’ आणि गळलेल्या तुऱ्यांचा ‘चूर’ असे प्रकार करीत. इतकें करूनहि थोडें बीं धरेच. हल्लीं परदेशांत फळांच्या वासाचे संकर वाण ठरवून जुळवितात व दोन्ही कुळें नोंदवितात. पण नजरेंतून निसटलेल्या नरापासून धरलेल्या अशा बियाला पित्याचें नांव नसे.

महाराष्ट्राचा संबंध येथें येतो. मुंबई इलाख्यांत त्या वेळच्या अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांत आणि मध्यप्रांतांत खांडव्याकडे गांजाची लागवड होती. हे प्रदेश कोरडे असल्यानें बुरशीची भीति थोडी. पण नर काढण्याची कृति तेथेंहि तीच.

यावरून पोथ्या व कागद वाचणारांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, पानें, दूध, पाक असा उल्लेख असेल तेथें भांग समजावी. तुरे, मंजरी किंवा नर-मादीचा भेद असेल तरच गांजा लिहावें. दोन, केवळ शेताचा किंवा धान्यवर्गाचा उल्लेख असेल तेथें भंगा हा मूळ शब्दच ठेवावा. तीन, इंग्रजी दप्तरांतील ‘हेंप’ हा शब्द ताग व अंबाडी यांसहि लावीत, हें विसरूं नये. भांग व गांजा यांतील हा भेद पंडिती नव्हे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यांतहि तुऱ्यांवांचूनचीं पानें व बीं गांजाच्या व्याख्येबाहेर ठेविलीं आहेत.

नौगांवच्या शेतकऱ्यांनीं १९१७ मध्यें सहकारी संस्था काढली होती. १९८७ मध्यें बांगलादेश सरकारनें ती लागवड बंद केली. पोद्दाराचें ज्ञान हातांतलें होतें. तो हात थांबला कीं उरतो तो शब्द, आणि तोहि आम्ही चुकीचा लिहिला तर कांहींच उरणार नाहीं. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, नगरकडील कुळकर्णी दप्तरांत किंवा वैद्यांच्या बाडांत या पिकाचा उल्लेख सांपडल्यास अर्थ न सुधारतां मूळ अक्षरांसह तो प्रसिद्ध करावा.