पायांखालचा रंग : ख्रिस्तमंदिरांच्या भुईचा अल्प इतिहास

कोणत्याही धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे त्याच्या स्मरणिकेंत वेदी, घंटा, मनोरा, थोर धर्मगुरु व उदार दाते यांचीं वर्णनें अगत्यानें येतात. तें योग्यच होय. परंतु ज्या भुईवर उभें राहून, बसून व गुडघे टेकून आमच्या पूर्वजांनीं पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली, त्या भुईविषयीं एक ओळही सहसा लिहिलेली आढळत नाहीं. वेदीकडे सर्वांचे डोळे लागतात. भुईकडे पाहतो तो बहुधा पश्चात्तापी मनुष्यच! यास्तव या मंगल प्रसंगीं वाचकांची दृष्टि क्षणभर खालीं वळविण्याची आम्ही परवानगी घेतों. तांबड्या सिमेंटाच्या व नक्षीदार लाद्यांच्या जमिनी आमच्या मंदिरांत कोणत्या वाटेनें आल्या, त्यांत रंग कसा भरला गेला, आणि आज त्यांचें काय व्हावें, हा आमचा विषय आहे. विषय भुईचा असला तरी क्षुद्र नव्हे. कारण महोत्सवांच्याच निमित्तानें ठिकठिकाणीं जुन्या जमिनी फोडल्या जात आहेत, आणि एकदां फोडलेली जमीन पुन्हां जुळत नाहीं.

प्रभुमंदिराची भूमि रंगानें भूषित करण्याची चाल फार पुरातन आहे. इ. स. ३१३ मध्यें रोमन साम्राज्यांत ख्रिस्ती धर्मास मोकळीक मिळाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत उत्तर इटलींतील अक्विलेया नगरींत बिशप थिओडोर यांनीं जें मंदिर उभारलें, त्याची सारी भुई रंगीबेरंगी खड्यांनीं जडविलेली होती. तिचें क्षेत्र सुमारें ७६० चौरस मीटर भरतें. तींत योना प्रवक्त्याची कथा आहे, मासे धरणारे कोळी आहेत, आणि दात्यांचे म्हणून समजले जाणारे स्त्रीपुरुषांचे चेहरेही आहेत. तेथील लेखांत बिशपांच्या नांवाबरोबरच देवाच्या साहाय्याचा व त्यांच्या हवालीं केलेल्या कळपाचाही उल्लेख आहे. म्हणजे ती भुई एकट्या बिशपांची नव्हती. सर्व भाविकांची होती. पुढें तिच्यावर दुसरी भुई घातली गेली, व १९०९ सालीं वरची फरशी उचलीपर्यंत तें वैभव शेंकडों वर्षें अंधारांत दडून राहिलें. येथें एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, जें झांकलें होतें तें सांपडलें. जें फोडलें असतें तें कधींच सांपडलें नसतें.

भुईच्या शोभेस मर्यादाही असाव्या, हें ख्रिस्तसभेंत फार पूर्वींच कोणीं कोणीं सांगितलें. बाराव्या शतकांत क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनीं मठांतील अवाजवी सजावटीवर टीका करितांना, पवित्र व्यक्तींचीं चित्रें जमिनीवर काढून तीं पायदळीं तुडविणें अनुचित आहे, असें स्पष्ट बजाविलें. आमच्या मंदिरांच्या लाद्यांवर बहुधा फुलें, वेली, तारे व चौकटीच दिसतात, हें या दृष्टीनें शोभतेंच.

युरोपांत मध्ययुगीं एका रंगाच्या मातींत दुसऱ्या रंगाची माती भरून व भाजून नक्षीच्या लाद्या करीत. पुढें ही विद्या मागें पडली. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत हर्बर्ट मिंटन यांच्या कारखान्यानें ती पुन्हां उदयास आणली. या कामीं त्यांस ऑगस्टस प्युजिन या शिल्पशास्त्रज्ञाची मोठी जोड मिळाली. प्युजिन हे स्वतः कॅथोलिक धर्मांत आलेले; १८४६ सालीं पूर्ण झालेलें चीडल गांवचें संत जाइल्स यांचें मंदिर ही त्यांची प्रसिद्ध कृति असून त्यांत मिंटनच्याच लाद्या आहेत. समुद्र ओलांडून या लाद्या मुंबईसही आल्या. कुलाब्यास १८५८ सालीं अर्पण झालेलें अफगाण चर्च हें प्रॉटेस्टंट पंथाचें, पण त्याची जमीन पाहिली म्हणजे रंग केवळ पृष्ठावर न लावतां अंगांत भरला तर किती टिकतो, याची साक्ष पटते.

तथापि विलायतेहून लाद्या आणविणें हें गांवोगांवच्या गरीब धर्मग्रामांस परवडणारें नव्हतें. आमच्या उत्तर कोंकणांत घराची भुई म्हणजे चोपलेली माती व तीवर शेणाचें सारवण. हें काम घरच्या स्त्रियांचें, आणि सणाच्या आदल्या दिवशीं तर तें चुकत नसे. जेथें ऐपत असे तेथें दगडी फरशी किंवा चुन्याचा कोबा करीत. विटांचे तुकडे, चुना व सुरखी पसरून लांकडी चोपण्यांनीं तो दिवसेंदिवस चोपीत. सुरखीमुळें त्यास आपोआपच फिकट तांबूस छटा येई. वसईच्या किल्ल्यांतील भग्न चर्चांत जमिनींत बसविलेल्या कोरीव थडग्यांच्या शिळा आजही दिसतात. १७३९ सालीं किल्ला मराठ्यांच्या हातीं गेला. कालांतरानें छपरें गेलीं, वेद्या गेल्या. परंतु मृतांचीं नांवें भुईनें राखलीं.

दक्षिण कोंकणांत व गोव्यांत आणखी एक कला नांदत होती. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यावयाचा, व तो कोरून खालचा पांढरा चुना नक्षीरूपानें उघडा करावयाचा, हीच ती कावी कला. ही कला भिंतीची खरी. पण तिजवरून एक तत्त्व उघड होतें, तें असें कीं, चुन्याशीं ज्याचें जमतें तो रंग मातीचा, म्हणजे लोहयुक्त मातीचा, असतो. पुढें सिमेंट आलें तेव्हां हेंच तत्त्व कामास आलें.

सिमेंटाचा जन्म परदेशीं झाला. १८२४ सालीं लीड्स येथील जोसेफ आस्पडिन या गवंडीकाम करणाऱ्या गृहस्थानें त्याचा हक्क नोंदविला, आणि तें पोर्टलंडच्या दगडासारखें दिसतें म्हणून त्यास पोर्टलंड सिमेंट असें नांव दिलें. आमच्या देशांत आरंभीं तें बाहेरून येई. १९१४ सालीं पोरबंदर येथें इंडियन सिमेंट कंपनीच्या कारखान्यांत उत्पादन सुरू झालें, व १९३६ सालीं अनेक कंपन्या एकत्र होऊन असोसिएटेड सिमेंट कंपनीज ही संस्था निघाली. मध्यंतरीं १९२२ सालीं फिरोजशा व रुस्तम सिधवा या पारशी गृहस्थांनीं स्वदेशीच्या प्रेरणेनें मुंबईस भारत फ्लोअरिंग टाइल्स हा उद्योग काढला. परदेशी लाद्यांच्या तोडीची लादी देशांतच व्हावी, हा त्यांचा हेतु होता. याप्रमाणें सिमेंट व लादी हीं दोन्ही देशांतच होऊं लागलीं, आणि गांवच्या मंदिरासही रंगीत भुईचें स्वप्न पाहणें शक्य झालें.

आतां या रंगाची हिकमत काय तें पाहूं. सिमेंट पाण्याशीं मिळतांना आपल्या अंगांतून चुना मोकळा करितें. हा चुना तीव्र क्षारधर्मी असतो, व कापड रंगविण्याचे पुष्कळ रंग त्यापुढें टिकत नाहींत. प्रशियन निळा रंग तर चुन्यांत विटून तपकिरी होतो. लोखंडाचीं तांबडीं, पिवळीं व काळीं ऑक्साइडें मात्र चुन्यास दाद देत नाहींत. म्हणूनच आमच्या जुन्या जमिनी बहुधा तांबड्या, आणि त्यांच्या कडा काळ्या, असा प्रकार दिसतो. ही नुसती आवड नव्हे. टिकाऊ व स्वस्त रंग तेच होते.

तांबडी जमीन करणें हें चांगल्या गवंड्याची कसोटी पाहणारें काम. खालीं खडीचा थर, त्यावर सिमेंट-वाळूचा, आणि तो ओला असतांनाच त्यावर सिमेंट व तांबडें ऑक्साइड यांचा पातळ थर, असा क्रम. सिमेंट व रंग आधीं कोरडेच मिसळून चाळावे लागतात. पाणी घातल्यावर रंग मिसळूं गेल्यास पट्टे उमटतात. रंग सिमेंटाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक घालूं नये, नाहींतर सिमेंटाची पकड ढिली होते. थापीनें घोटण्याची वेळही नेमकी साधावी लागते. घाई केली तर पाणी वर येऊन रंग फिका पडतो. उशीर केला तर थापी चालत नाहीं. त्यानंतर कित्येक दिवस पाणी मारून जमीन ओली ठेवावयाची व शेवटीं मेण लावून घोटावयाची. लादीची रीत निराळी. लोखंडी चौकटींत नक्षीचा पत्र्याचा सांचा ठेवून त्याच्या एकेका कप्प्यांत निरनिराळ्या रंगाचें पातळ सिमेंट ओततात. मग सांचा अलगद उचलून मागें सिमेंट-वाळूचे थर भरतात व यंत्रानें दाबतात. ही लादी भट्टींत भाजीत नाहींत. पाण्यानेंच पक्की करितात. रंगाचा थर कांहीं मिलिमीटर जाड असल्यामुळें वरचा पापुद्रा झिजला तरी खालीं तोच रंग निघतो.

दात्यांचीं नांवें संगमरवरी पाटीवर कोरलीं जातात. पण ज्यांनीं गुडघ्यांवर बसून या जमिनी घोटल्या त्या गवंड्यांचीं व बिगाऱ्यांचीं नांवें क्वचितच कोठें आढळतात. त्यांची सही म्हणजे ती जमीनच होय.

कालांतरानें मोझेक, चिनी मातीच्या लाद्या व अलीकडे आरशासारख्या चकाकणाऱ्या मोठ्या लाद्या आल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वेद्या लोकाभिमुख झाल्या, आणि त्या निमित्तानेंही अनेक वेदीमंडपांच्या जमिनी बदलल्या. गरजेपोटीं झालेल्या बदलास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. ओल धरलेली, खचलेली किंवा वृद्धांस ठेंच लागेल अशी जमीन दुरुस्त केलीच पाहिजे. परंतु केवळ जुनी दिसते म्हणून चांगली जमीन फोडणें, आणि तिच्या जागीं पावसाळ्यांत ओल्या पायांखालीं निसरडी होणारी लादी बसविणें, यांत शहाणपण कोणतें?

हल्लीं जुन्या सिमेंटास न फोडतां रंग देण्याचे दोन उपाय प्रचारांत आहेत. पहिल्यांत आम्लांत विरघळविलेले धातूंचे क्षार सिमेंटांतील चुन्याशीं संयोग पावून तपकिरी, पिवळट किंवा हिरवट छटा उठवितात; ही छटा कायमची, पण सर्वत्र सारखी नसते. दुसऱ्यांत पाण्यांत किंवा अ‍ॅसिटोनांत मिसळलेला अत्यंत बारीक रंग सिमेंटाच्या छिद्रांत शिरतो. त्याचे वर्ण झगझगीत असतात, पण उन्हानें ते उडतात, म्हणून तो सावलींतच वापरावा. दोहोंसही छिद्रें मोकळीं लागतात. जमिनीवर पाण्याचे थेंब टाकून पाहावे. ते मोत्यांसारखे उभे राहिले तर मेण किंवा तेल अजून आहे असें समजून तें प्रथम काढावें. नंतर वर संरक्षक लेप द्यावा. मात्र खालून ओल येत असेल तर तो सुटतो, हें आमच्या किनाऱ्याच्या गांवांनीं विसरूं नये. अ‍ॅसिटोन लवकर पेट घेतें. तें वापरतांना दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि मंदिरांत एकही मेणबत्ती किंवा दिवा तेवत ठेवूं नये. घोटलेल्या तांबड्या जमिनीवर आम्ल घालणें तर टाळावेंच, कारण तें तिची झिलई खातें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, हे रंग पारदर्शक असतात. ते भेग झांकीत नाहींत, डाग लपवीत नाहींत. आधीं दोष दुरुस्त करावा, मग रंग द्यावा, हा क्रम पापनिवेदनास जाणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यास नव्यानें शिकवावयास नको.

सारांश, आमची विनंति एवढीच आहे. धर्मग्रामाच्या मंडळानें जुन्या भुईविषयीं निर्णय घेण्यापूर्वीं एखाद्या जाणत्या गवंड्यास ती दाखवावी. धुऊन, मेण लावून, एकदोन लाद्या बदलून काम भागत असेल तर फोडूं नये. फोडणें अटळच असेल तर तिचीं छायाचित्रें व मापें दप्तरीं ठेवावीं, चांगल्या लाद्या उचलून जपाव्या, आणि जुन्या भुईचा निदान एक चौकोन बाप्तिस्म्याच्या कुंडापाशीं तसाच राखावा. मंदिरांतील मोलाच्या वस्तु नाहींशा होऊं नयेत म्हणून धर्माध्यक्षांनीं दक्ष असावें, असें व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेविषयींच्या आपल्या लेखांत सांगितलें आहे. ही दक्षता धर्माध्यक्षांवर सोंपवून आम्हीं स्वस्थ बसूं नये. आणि नवी भुई घालणाऱ्यांनीं काम करणाऱ्या गवंड्याचें नांव व साल धर्मग्रामाच्या वहींत अवश्य लिहून ठेवावें.

असो. याच भुईवरून आमचे आजे बाप्तिस्म्यास नेले गेले, याच भुईवर आमच्या आयांनीं विवाहाच्या दिवशीं पाऊल टाकलें, आणि याच भुईवर आमच्या वडिलांची शवपेटी शेवटची विसांवली. पुढल्या पिढीच्या हातीं ती अभंग सोंपविण्याची बुद्धि परमेश्वर आम्हां सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणीं आमची प्रार्थना.