ताड

(सं. ताल, तृणराज, तेलुगू ताटिचेट्टु, शास्त्रीय नाव बोरॅसस फ्लॅबेलिफर, कुल ॲरेकेसी). पंख्यासारख्या पानांचा, फांद्या न फुटता सरळसोट वाढणारा एकदलिकित वृक्ष. शास्त्रीय नाव लिनीअस याने १७५३ मध्ये दिले. भारतात ताडाची जोपासना इतकी जुनी आहे, की रानटी झाड कोणते आणि माणसाने लावलेले कोणते हे सांगणे अवघड जाते. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता गोदावरीला मिळते त्या सिरोंचा परिसरात तो शेतांच्या धुऱ्यांवर आणि तलावांच्या पाळींवर आढळतो. नदीपलीकडे तेलंगण असल्याने ताडाचे व्यवहार मराठीइतकेच तेलुगूतही चालतात. ताडगोळ्यांना तेलुगूत मुंजलु आणि ताडीला कल्लु म्हणतात.

पूर्ण वाढलेले झाड वीस मीटरांहून उंच जाते. खोड काळपट करडे, बुंध्याशी फुगीर. शेंड्यावर तीस-चाळीस पानांचा गोल झुबका असतो. पान मीटरभर किंवा त्याहून रुंद, देठाच्या कडांना करवतीसारखे काळे दाते. नर आणि मादी झाडे वेगळी. फळ फक्त मादीला येते, रस मात्र दोन्हींच्या फुलोऱ्यांतून काढतात. रस धरण्याच्या भांड्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही व गोड नीरा मिळते. पानांच्या टोकांना सुगरण घरटी टांगते. पाकोळीची एक जात पानाच्या खालच्या बाजूला पिसे लाळेने चिकटवून घरटे करते.

शोभेचा वृक्ष म्हणून ताडाचा विचार क्वचितच होतो. रस्तादुभाजकांवर आणि बंगल्यांच्या फाटकांशी पंखापानाचे झाड हवे असले, की रोपवाटिका चायना पाम, मादागास्करचा निळसर बिस्मार्किया किंवा वॉशिंग्टोनिया पुढे करते. यांपैकी वॉशिंग्टोनिया फिलिफेरा हा खरा वाळवंटी ताड. कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि बाहा कॅलिफोर्नियातील झऱ्यांकाठी तो वाढतो; मुळाशी पाणी आणि शेंड्याला कोरडी हवा ही त्याची गरज. सिरोंचाचा उन्हाळा त्याला मानवेल, पण दमट पावसाळ्यात आणि पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत त्याचा कोंब कुजण्याची भीती असते. मेक्सिकोतील त्याचा भाऊबंद वॉशिंग्टोनिया रोबस्टा दमटपणा अधिक सोसतो. ताड ऊन आणि पाऊस दोन्ही सोसतो, एकदा रुजल्यावर पाणीही मागत नाही. रूपातही तो उणा नाही. लागवडीच्या कंत्राटाच्या मुदतीत मात्र तो बसत नाही.

कारण त्याची उगवणच निराळी आहे. बी रुजले की कोंब वर न येता आधी नळीसारखा खाली जातो, अर्धा ते एक मीटर खोल, आणि पहिले पान दिसायला बहुधा नऊ महिने ते वर्ष लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ही नळी तळाशी अडते व वाकते. असे रोप पुढे नीट धरत नाही. म्हणून बी कायमच्या जागीच लावावे. पिकलेल्या फळाचा गर काढून, बी ताजे असतानाच, सुमारे वीतभर खोल आडवे ठेवावे. लहानपणी गुरांपासून जपावे. पहिली कित्येक वर्षे जमिनीवर खोड दिसतच नाही, नुसता पानांचा गुच्छ असतो. झाड मेले समजून तो उपटू नये. फळ यायला बारा ते वीस वर्षे लागतात, आणि तोवर नर की मादी हे कळत नाही. पिकले फळ किलो-दीड किलोचे असते व उंचावरून पडते. त्यामुळे पायवाट, वाहनतळ किंवा शाळेचे अंगण यांच्यापासून ताड लांब असावा. तलावाची पाळ, कुंपणाची कड, मोकळे मैदान या त्याच्या जागा. रांगेत लावताना दोन झाडांत निदान पाच मीटर अंतर ठेवले तर झुबके एकमेकांत शिरत नाहीत. गेंडा भुंगा शेंडा पोखरतो. शेंडा एकच असल्याने तो गेला की झाड गेले. वाढीसाठी छाटणी करण्याचा प्रश्नच येत नाही. वाळलेली पाने काढावीत, हिरवी काढू नयेत.

फांद्या फुटणारा पंखापानी वृक्ष हवा असल्यास पश्चिम किनाऱ्यावरील देशी रावणताड आहे, पण तो आता विरळ झाला असून सिरोंचाकडचा नव्हे. सिरोंचात ताडाचे बी विकत आणावे लागत नाही. श्रावण-भाद्रपदात मादी झाडांखाली पडलेले मिळते.