नाव देणं आणि नावं ठेवणं

लहानपणी आमच्या गावाला खाडीच्या तोंडाशी रापण ओढली, की आम्ही पोरं जाळ्याभोवती जमायचो. मासे मोठ्यांचे, उरलंसुरलं आमचं. त्या उरल्यासुरल्यात तारामासे असायचे. ते ना खायच्या कामाचे, ना विकायच्या. एकदा मी दोन उचलून घरी आणले. एक पिवळसर होता, एक जांभळट. आईचे वडील, म्हणजे माझे नाना, ओटीवर बसले होते. त्यांनी विचारलं, ‘‘काय आणलंस?’’ मी म्हटलं, ‘‘तारामासा.’’ ‘‘आणि हा दुसरा?’’ ‘‘तोही तारामासाच.’’ नाना हसले आणि म्हणाले, ‘‘मग दोन कशाला आणलेस?’’

मला उत्तर देता आलं नाही. मी ते दोन्ही खिडकीत वाळत ठेवले. आठ दिवसांत दोघांचेही रंग उडाले आणि कोणता पिवळा, कोणता जांभळा हेही सांगता येईना. मी शाळेत मराठी घेऊन बी. ए. होण्याची स्वप्नं पाहणारा मुलगा, प्राणिशास्त्राशी माझा संबंध तिथंच संपला. नानांचा प्रश्न मात्र राहिला. पुढे वाचनात एका तारामाशाची हकीकत आली आणि तो प्रश्न केवढा मोठा होता ते कळलं. तीच हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

मुळात तारामासा हा मासाच नव्हे. त्याला कणा नाही, कल्ले नाहीत, डोकंसुद्धा नाही. जगात त्याच्या सुमारे १,९०० जाती आहेत. त्या ओळखायच्या तर रंगावर विसंबून चालत नाही. वाळवल्यावर किंवा स्पिरिटमध्ये ठेवल्यावर रंगच आधी जातो. म्हणून जाणकार बाहू मोजतात. मधल्या चकतीच्या मानानं बाहू किती लांब, हे पाहतात. कडेच्या तकटांची मांडणी आणि काट्यांचा आकार तपासतात. मग तो उलटा करून त्याचे इवलेसे नलिकापाद बघतात. वाळूत पुरून राहणाऱ्या काही तारामाशांच्या या पायांना टोकं असतात, खडकाला चिकटणाऱ्यांच्या पायांना चोषक असतात. एवढं केल्यावर कुठं नाव सांगायचं धाडस करायचं.

आता चला अंबोन बेटावर. हे आजच्या इंडोनेशियातलं. सतराव्या शतकात तिथं डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत एक जर्मन माणूस होता, गेऑर्ग रम्फियस. जन्म १६२७ चा. नोकरी सांभाळून तो बेटावरची झाडं, शंख-शिंपले, समुद्रातले जीव यांची टिपणं करी. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात पत्नी आणि मुलगी गेली. १६८७ मध्ये आग लागली, तीत हस्तलिखितं आणि चित्रं जळाली. तरी तो सांगत राहिला आणि दुसरे लिहीत राहिले. १७०२ मध्ये तो वारला. ‘अंबोनचा अजबखाना’ म्हणता येईल असं त्याचं पुस्तक त्यानंतर तीन वर्षांनी, १७०५ मध्ये छापून आलं. त्यात पंधरा किरणांच्या एका समुद्रताऱ्याचं वर्णन आहे. ज्याला स्वतःला दिसत नव्हतं, त्याच्या पुस्तकातून हा काटेरी जीव युरोपला दिसला.

पुढची नोंद इटलीतली. रिमिनी गावचा वैद्य जोव्हान्नी बियांकी लिखाणात आपलं नाव ‘प्लांकुस’ असं लावी. त्यानं आणि ग्वाल्तिएरी यानं १७४३ मध्ये अशाच एका ताऱ्याचं वर्णन आणि चित्र प्रसिद्ध केलं. त्या चित्राच्या आधारानं कार्ल लिनेयसनं १७५८ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याचं नामकरण केलं आणि त्यात प्लांकुसचं नाव गुंफलं. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब याच आवृत्तीपासून सुरू होतो, त्यामुळे रम्फियसनं दिलेलं नाव बाद झालं. १८४१ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जेर्व्हे यानं या कुळाला ‘काटेरी तारा’ या अर्थाचं ‘अ‍ॅकॅन्थास्टर’ हे नाव दिलं. सर्वसाधारण लोक त्याला ‘काट्यांचा मुकुट’ म्हणतात.

यात एक अडचण होती. ज्यावरून हे नाव पडलं, तो मूळ नमुना आज अस्तित्वात नाही. आपल्याकडे शेताच्या हद्दीला दगड असतो. वाद झाला की त्या दगडापासून मोजणी करतात. प्राण्याच्या नावाला तसा दगड म्हणजे मूळ नमुना. इथं नाव होतं, चित्र होतं, दगड हरवला होता. मॉरिशसच्या ताऱ्याला १८८५ मध्ये, आणि त्याही आधी पॅसिफिकच्या ताऱ्याला वेगळी नावं मिळाली होती. पण विसाव्या शतकात बहुतेकांनी तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंतचे सगळे तारे लिनेयसच्या एकाच नावाखाली घातले.

आणि मग त्या नावाला बट्टा लागला. १९६२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, ग्रीन आयलंड या बेटाभोवती हे तारे बेसुमार वाढले. हा प्राणी आपलं जठर तोंडातून बाहेर काढून प्रवाळावर पसरतो आणि जागेवरच पचवतो. मागे उरतो तो पांढरा सांगाडा. काटे विषारी. पाणबुडे त्यांना गोळा करू लागले, सुया टोचून मारू लागले. समुद्राचा वैरी म्हणून त्याची जगभर ख्याती झाली. संख्या बेताची असते तेव्हा हाच प्राणी भराभर वाढणारं प्रवाळ खाऊन हळू वाढणाऱ्याला जागा करून देतो. तो एकाएकी का माजतो, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण शेतातली खतं समुद्रात वाहून जाणं आणि त्याला खाणारे मासे व मोठे शंख माणसानं उपसून नेणं, ही कारणं पुढे येतात. म्हणजे बोट आपल्याकडेही वळतं.

२००८ मध्ये काही संशोधकांनी ठिकठिकाणच्या ताऱ्यांची जनुकं ताडून पाहिली. वरून सारख्या दिसणाऱ्या या प्राण्यांत चार वेगळी घराणी निघाली. उत्तर हिंदी महासागराचं एक, दक्षिण हिंदी महासागराचं दुसरं, पॅसिफिकचं तिसरं, तांबड्या समुद्राचं चौथं. त्यांच्या वाटा वेगळ्या होऊन वीस लाखांहून जास्त वर्षं झाली असावीत. २०१४ मध्ये म्यूनिकच्या अभ्यासकांनी जुनी नावं आणि वर्णनं पुन्हा तपासली आणि लिनेयसचं मूळ नाव उत्तर हिंदी महासागरातल्या, म्हणजे आपल्या बाजूच्या समुद्रातल्या, जातीकडे राहतं असं मांडलं. तांबड्या समुद्राच्या ताऱ्याला नावच नव्हतं. ते २०२२ मध्ये मिळालं. त्याचे बाहू इतरांपेक्षा कमी, साधारण ११ ते १४. त्याचे नमुने आता जपून ठेवले आहेत. १७०५ पासून मोजलं तर तीनशे सतरा वर्षं झाली.

हा नुसता पंडितांचा वाद नाही. या प्राण्याविषयीचं बरंचसं संशोधन पॅसिफिकच्या ताऱ्यावर झालेलं आहे. नाव एक असल्यामुळे तिथलं ज्ञान सगळ्यांना लागू आहे असं धरलं गेलं. त्याची पिल्लं कधी वाढतात, त्याला आवर कसा घालावा, हे आता प्रत्येक समुद्रात नव्यानं पाहावं लागेल. प्रवाळ मरतं तेव्हा त्याच्या आसऱ्यानं जगणारा मासा जातो, आणि त्या माशावर जगणारी माणसंही अडचणीत येतात.

मराठीत ‘नाव देणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत किती थोडं अंतर आहे! या ताऱ्याच्या बाबतीत आपण दुसरं आधी केलं, पहिलं नंतर. ही घाई मला परिचयाची आहे. माझं नाव ऐकल्यावर ‘‘म्हणजे उर्दूत लिहिता ना?’’ असं विचारणारे भले लोक मला आजही भेटतात. त्यांचा राग येत नाही. दोन ताऱ्यांना एकच म्हणणारा मुलगा मीही होतो.

परवा गावी गेलो होतो. किनाऱ्यावर शेजारचा एक मुलगा हातात तारामासा घेऊन आला. मी त्याला बाहू मोजायला लावले, उलटा करून पाय दाखवले आणि कुठे सापडला ती जागा आणि तारीख वहीत लिहून घ्यायला सांगितली. मग आम्ही तो पुन्हा पाण्यात सोडला. मुलानं विचारलं, ‘‘चाचा, याचं नाव काय?’’

मी म्हटलं, ‘‘अजून एक सापडू दे. मग दोघांकडे नीट बघू.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)