नाताळचा फराळ आणि नीरेचं पाणी

डिसेंबर लागला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "यंदा फराळाला काय काय?" हा प्रश्न ठरलेला. आता घरात आम्ही दोघंच. हिचे गुडघे आणि माझी साखर, दोन्ही डॉक्टरांच्या कागदावर चढलेले. त्यामुळे पूर्वीसारखे डबेच्या डबे भरत नाहीत, पण तीन-चार पदार्थ अजून घरी होतात. ते कसे करतो ते सांगतोच. त्याआधी ते आमच्या ताटात आले कुठून, ते सांगावंसं वाटतं. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे गोष्ट पाण्यावर जाणार, त्याला इलाज नाही :)

बऱ्याच मित्रांना वाटतं की नाताळ म्हणजे केक. मराठी ख्रिस्ती घरात आधी करंजी, मग शेव, चकली, शंकरपाळी, लाडू, आणि जमला तर केक. याचं कारण सोपं आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून. बारामतीत ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट'चे मिशनरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. जवळच केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. माणसांनी धर्म बदलला, पण बायकांच्या हाताला जे वळण होतं ते तेच राहिलं. साहेबाच्या केकला अंडी, लोणी, मैदा आणि भट्टी लागायची. आमच्या बायकांकडे चूल, कढई आणि सोऱ्या. मग दिवाळीचाच फराळ दीड-दोन महिने पुढे सरकला आणि नाताळचा झाला. गोव्यात हीच करंजी 'नेवरी' होते आणि तिच्या शेजारी कुलकुल, दोदोल येऊन बसतात. तिथे नारळ पिकतो, इथे भुईमूग. ज्या मातीत जे, तेच सणाला.

पण फराळाला जिन्नस लागतात, आणि आमचा मुलूख मूळचा ज्वारी-बाजरीचा. बारामती-इंदापूर म्हणजे पावसाने पाठ फिरवलेला भाग. १८७६-७८ च्या दुष्काळाने हा सगळा पट्टा होरपळला. पुढे भाटघरचं धरण बांधलं गेलं आणि १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. पुरंदर, बारामती, इंदापूर अशा तीन तालुक्यांना त्याने पाणी दिलं. सासवडकडच्या माळी मंडळींनी येऊन ऊस लावला, गुऱ्हाळं चालू झाली. १९३२ साली सरकारने देशी साखरेला जकातीचं संरक्षण दिलं आणि इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला. तेच आजचं वालचंदनगर. १९५० च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगरचे सहकारी कारखाने आले. नाताळ येतो तो ऐन गळीत हंगामात, म्हणजे नवा गूळ, ताजी काकवी. माझ्या आजीचा नाताळ सगळा गुळाचा होता. साखर म्हणजे पाहुण्याच्या चहापुरती.

तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कालवा आणि नदी यांच्या मधला पट्टा बागायत झाला, कालव्याच्या वरच्या अंगाचा भाग जिरायतच राहिला. आणि आमच्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांकडे ना इकडे जमीन, ना तिकडे. ऊस दुसऱ्याचा, खुरपं आपलं, गूळ विकतचा. नकाशावर कालव्याची निळी रेघ नोकरीत मी रोज पाहिली. ती रेघ कुणाच्या उंबऱ्यापाशी थांबली हे मात्र नकाशात दिसत नाही, ते सणाच्या ताटात दिसतं.

गहू आणि तेल आमच्या ताटात आले ते वेगळ्याच वाटेने. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या तालुक्याने ओळीने कोरडी वर्षं पाहिली. तेव्हा 'कासा' या चर्चच्या मदतसंस्थेमार्फत 'कामाच्या बदल्यात धान्य' अशी योजना आली. तरुण आमदार शरद पवार आणि इथले ऑस्ट्रेलियन मिशनरी यांनी मिळून ती उभी केली. जिरायत गावांत पाझर तलाव खोदायचे, मजुरी गहू आणि तेलाच्या रूपात. सगळ्या जातीधर्माची माणसं त्या कामावर होती. या कामातूनच १९७१ साली बारामतीचा कृषी विकास प्रतिष्ठान हा ट्रस्ट निघाला. आमची आई त्या तलावांवर माती वाहायला जायची. गव्हाचं पीठ एरवी घरात पाहुण्यापुरतं, तेल बोटाने मोजलेलं. त्या नाताळात तिने करंज्या तळल्या त्या मजुरीच्या गव्हाच्या, मजुरीच्या तेलात. सारणात भाजलेले तीळ, शेंगदाण्याचा कूट आणि गूळ. खोबरं नव्हतंच. पुढे १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाल्लेली माणसं हे वाचत असतील, त्यांना जास्त सांगायला नको.

आता ताटाची गोष्ट. आजीच्या काळात आमच्या वस्तीतलं शिजवलेलं अन्न गावात सगळीकडे चालत नसे. धर्म बदलला तरी लोकांच्या लेखी जात तीच. दिवाळीचा फराळ आमच्याकडे यायचा, तोही बहुतेक वरून पदरात टाकलेला. परत पाठवायचं तर काय? आजी न फोडलेली गुळाची ढेप किंवा शेंगा द्यायची, कारण कोरडा जिन्नस 'चालायचा'. आईच्या काळात दोन-तीन घरांनी करंजी घेतली. ती घरं आईला शेवटपर्यंत नावानिशी आठवत होती. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपलं सोवळं सुटत गेल्याची हकिकत लिहिली आहे. ती वाचताना मला नेहमी वाटतं, की सोवळं सोडणाऱ्याची गोष्ट लिहिली गेली. दारात झाकलेलं ताट घेऊन उभं राहणाऱ्याची फारशी लिहिली गेली नाही.

म्हणून आमच्याकडे फराळ विकत आणून भागत नाही. पुण्याहून केक येतो, मुलं प्रेमाने पाठवतात, आम्हीही आवडीने खातो. पण शेजारी ताट जातं ते घरच्या हाताचं. दोन म्हाताऱ्या माणसांना झेपेल असं काय करतो, ते आता लिहितो.

शेंगदाणा लाडू : दोन वाट्या भाजून सोललेले दाणे, एक वाटी चिरलेला नवा गूळ, वेलची. मिक्सरला फिरवायचं, दाण्याचं तेल सुटलं की लगेच वळायचे. गॅससुद्धा लागतो तो दाणे भाजण्यापुरता.

कुलकुल : दोन वाट्या कणीक, पाव वाटी बारीक रवा, पाव वाटी पिठीसाखर, चिमूट मीठ, दोन चमचे कडकडीत तूप. नारळाच्या दुधात किंवा साध्या दुधात घट्ट भिजवून अर्धा तास झाकायचं. छोट्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायच्या आणि मंद आचेवर तळायच्या. हे बसून करता येतं. टीव्हीसमोर तासाभरात होतात, गुडघ्यांची तक्रार नाही.

कुकरमधला केक : दीड वाटी कणीक, पाऊण वाटी किसलेला गूळ, वाटीभर दही, अर्धी वाटी तेल, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, दालचिनी आणि मूठभर बेदाणे. गूळ दह्यात विरघळवून बाकीचं मिसळायचं. कुकरच्या तळाशी मिठाचा थर, त्यावर एखादी जाळी, शिट्टी आणि रिंग काढलेली. दहा मिनिटं कुकर तापवायचा, मग डबा आत ठेवून मंद आचेवर चाळीस-पन्नास मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला. पूर्वी पातेल्यात वाळू घालून झाकणावर निखारे ठेवत, त्याचीच ही धाकटी बहीण.

करंज्या मात्र अकराच. तिळाच्या सारणाच्या, आईसारख्या. तेवढ्या ही लाटते आणि मी भरतो.

असो. नाताळच्या सकाळी उपासनेहून आलो की आमची पाच ताटं निघतात. समोरच्या काकू आल्या आल्या पहिली करंजी मोडून तोंडात टाकतात आणि मग "बसा हो" म्हणतात. त्यांना यातलं काही ठाऊक नाही, आणि त्या ते सहज करतात हेच मला बरं वाटतं. तुमच्याकडे नाताळला काय होतं, गुळाचं की साखरेचं, नक्की कळवा. सर्वांना सलाम!