वक्ष (छाती)

माणसात मान व उदर, तर कीटकांत डोके व उदर यांच्यामधील शरीरभाग. मानवी वक्षात पाठीचे 12 मणके, बरगड्यांच्या 12 जोड्या आणि पुढची उरोस्थी मिळून हृदय-फुप्फुसांभोवती पिंजरा उभा राहतो. तळाचे श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकले की श्वास आत येतो.

कीटकाच्या वक्षात फुप्फुसे नसतात; ते भरलेले असते चालण्या-उडण्याच्या स्नायूंनी.

नाशिकच्या द्राक्षबागांत छाटणीनंतर फुगलेले डोळे कुरतडणारा उडद्या भुंगेरा पाहावा. अग्र, मध्य व पश्च या तिन्ही वक्षखंडांवर पायांची एकेक जोडी; मध्यवक्षावर ढालीसारखे कठीण पंख, उडण्याचे पातळ पंख मात्र पश्चवक्षावर. हवा श्वासरंध्रांतून थेट नळ्यांत शिरते. नळीसारखे हृदय पाठीच्या बाजूला, मुख्यतः उदरात असते.