वाजवावें कीं जतन करावें ?

जुन्या वाद्याचें खरें मोल कशांत असतें ? तें जसेंच्या तसें राखण्यांत, कीं वाजवून झिजविण्यांत ? हा वाद एका गिटारीच्या इतिहासांत मोठ्या मार्मिकपणें उभा राहतो.

सन १९७० मध्यें इंग्रज वादक एरिक क्लॅप्टन यांनीं अमेरिकेंतील नॅशव्हिल येथें एका दुकानांतून फेंडर कंपनीच्या सहा जुन्या 'स्ट्रॅटोकास्टर' गिटारी खरेदी केल्या. तीन मित्रांस वांटल्या. उरलेल्या तिहींचे उत्तमोत्तम भाग निवडून एकच गिटार सिद्ध केली. काळ्या रंगावरून तिचें नांव 'ब्लॅकी' पडलें.

संग्राहकाच्या दृष्टीनें हा अपराधच होय. मूळचा एक भाग जरी बदलला, तरी त्याच्या लेखीं वस्तूचें मोल उतरतें. क्लॅप्टन यांनीं मात्र ती १९८५ पर्यंत मनमुराद वाजविली, आणि दांडी झिजली तेव्हां तिला विश्रांति दिली.

पुढें २००४ सालीं व्यसनमुक्तीच्या कार्यासाठीं न्यूयॉर्क येथें तिचा लिलाव झाला. जोडकाम आणि झीज हीं दोन्ही वैगुण्यें असूनहि तिला ९,५९,५०० डॉलर आले. कारण त्या झिजेंतच वाजविणाऱ्या हाताचा इतिहास उरला होता. परंतु एवढें मोल चढलेलें वाद्य निर्धास्तपणें छातीशीं धरून पुन्हा झिजविण्यास कोण धजेल ?