उदगीरच्या घरजागेचे कागद: कबाल्यापासून सातबारापर्यंत

उदगीर शहरात घर किंवा प्लॉट घेताना उभ्या राहणाऱ्या अनेक वादांची मुळे जागेच्या जुन्या कागदांत असतात. उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला आणि उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडून मुंबई राज्यात आले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला. एका माणसाच्या हयातीत राज्य, जिल्हा, दफ्तराची भाषा आणि महसुलाचा कायदा असे सगळेच बदलले. त्यामुळे ज्याने फक्त शेवटचा कागद पाहून पैसे मोजले, तो इथे हमखास अडचणीत आला.

निजामी राजवटीत दिवाण सालारजंग पहिला याने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याचे जिल्हे पाडले. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन शेतांना सर्व्हे नंबर पडले. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली आणि खरेदीचा कागद उर्दूत लिहिला जाऊ लागला. त्याला कबाला किंवा बैनामा म्हणत. त्यावरची तारीख फसली सनाची असे. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे १३४५ फसलीचा कागद १९३५-३६ चा. गावठाणातल्या घराची ओळख चतुःसीमेवरून पटे: पूर्वेला अमक्याचे घर, पश्चिमेला आम रस्ता, दक्षिणेला तमक्याची भिंत, उत्तरेला बोळ. शेजारचे घर विकले गेले, बोळ बुजला, की सीमेची खूणच नाहीशी होई. जुन्या वाड्यांतल्या सामाईक भिंती, आड आणि जायच्या-यायच्या वाटा यांवरचे तंटे अशा कागदांतून निघाले.

त्याहून अवघड प्रश्न इनामांचा. मंदिर, मठ, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनी खिदमतमाश, तर व्यक्तीच्या किंवा घराण्याच्या निर्वाहासाठी दिलेल्या मददमाश म्हणून ओळखल्या जात. चौकशीनंतर मिळणाऱ्या मुंतखबात इनामाचा प्रकार आणि अटी नोंदलेल्या असत. सेवेच्या इनामदाराला उत्पन्न खाण्याचा हक्क होता, जमीन विकण्याचा नव्हता. १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा १९५४ चा. पण धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळली गेली. खालसा झालेल्या अनेक जमिनीही ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून राहिल्या आणि त्यांच्या विक्रीला शासनाची परवानगी व नजराणा लागू लागला. अशा जमिनीवर पाडलेला प्लॉट तीन हात फिरून आला, तरी मूळची अट सुटत नाही.

तिसरा थर कुळांचा. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० मध्ये आला. त्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले आणि पुढे मालकीची वाट मोकळी केली. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात मालक कोण आणि प्रत्यक्ष कसतो कोण, हे दिसते. मराठवाड्यात जमिनीची मुळे शोधताना म्हणूनच खासरा आणि पाहणी पत्रकाला आजही मान आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीनेही हेच दप्तर उघडले. कुळाची नोंद न पाहता घेतलेल्या जागेवर पुढे कुळाचे वारस दावा घेऊन उभे राहू शकतात.

बाजारपेठ वाढली तशी शहराच्या कडेची शेते गुंठ्यांनी विकली जाऊ लागली. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. तुकडेबंदी कायद्यामुळे रजिस्ट्री होत नसे, म्हणून मराठवाड्यात असे कित्येक व्यवहार बाँडपेपरवर नोटरी करून झाले. घर बांधले गेले, वीज आली, कर लागला. सातबारावर मात्र जुन्याच मालकाचे नाव राहिले. अशी वस्ती नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला. त्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. नुसत्या करारावर किंवा मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. मोठ्या प्रकल्पांसाठी २०१७ पासून महारेरा या स्थावर संपदा नियामकाकडची नोंदणी आली. जुन्या वाड्याला किंवा सुट्या घराला तिचा आधार नाही.

वारसांचा पेच सगळ्याच काळांतून चालत आला. सातबारावर भावांची नावे आणि बहिणींची नाहीत, असे अनेक घरांत आढळते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो टिकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. बहिणींची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर खरेदी अर्धीच राहते.

घराची बांधणीही पाहावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींवर मातीचे जड माळवद पेलणारी घरे कोसळली आणि हजारो माणसे त्याखाली गेली. या भागात जुने घर घेताना भिंतींचे जोड, लाकूड आणि छताचे वजन जाणकाराकडून तपासून घेणे जिवाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

या इतिहासातून तपासणीचा क्रम ठरतो. आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहून धारणाप्रकार वाचावा. मग एकेक फेरफार मागे नेत १९५४-५५ च्या खासऱ्यापर्यंत पोचावे आणि उर्दू कागदांचे जाणकाराकडून भाषांतर करून घ्यावे. दुय्यम निबंधक कार्यालयात निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. अकृषिक आदेश आणि मंजूर लेआउट पाहावा, शासकीय मोजणीने हद्द पक्की करावी, ताबा कोणाचा आहे ते जागेवर जाऊन विचारावे. फेरफाराची नोंद महसुलासाठी असते आणि नगरपरिषदेची करपावती करापुरती. दोन्हींनी मालकी सिद्ध होत नाही. इसार द्यायचा तो हे सगळे झाल्यावर.